पोटातली शीळ

फाट्यावर एसटीतून उतरले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. एका हातात बर्फाची पेटी, दुसऱ्या हातात आईने वळलेल्या लाडवांचा डबा. बंडगरांची वस्ती माळावरच्या टेकाडापलीकडे. टेकाड चढून वर आले आणि जागच्या जागी उभी राहिले.

समोरून धुळाप्पामामांचा मेंढ्यांचा कळप येत होता, आणि तो सगळा पिवळा होता. कपाळापासून शेपटापर्यंत पिवळा. कानांच्या आत पिवळा. पुढे चालणारी खैरी, जिच्या गळ्यात घंटा असायची, तिची घंटासुद्धा पिवळी. मागून कोंडामामी शीळ घालत येत होत्या आणि त्यांचंही कपाळ हळदीने माखलेलं होतं.

"आलीस गं बाय!" त्यांनी लांबूनच हात हलवला. "आज काय सोडलंय?"

मी रोज सकाळी एक नियम घेते. आज तूप नाही, आज गोड नाही, आज दोनच पदार्थ, असं काहीतरी. आमच्या जैन घरांत ही सवय लहानपणापासून लागते. कोंडामामींना त्याची भारी मौज वाटायची. रामराम घालायच्या आधी त्या हाच प्रश्न विचारायच्या.

"तूप सोडलंय," मी म्हटलं. "पण मामी, तुम्ही हे काय करून ठेवलंत?"

"काय केलं?"

"हळद!"

"भंडारा म्हन बाय, भंडारा. देवाचा हाय. काल पाडवा न्हवं का? मेंढरांचा सण. सक्काळी साबन लावून समदी धुतली, वाळवली, ववाळली, आन उधळला भंडारा. बघ कशी दिसत्यात, जनू लगनाला निघाल्यात."

मी डबा खाली ठेवला आणि पेटीवरच बसले. मामींनी माझ्याकडे पाहिलं, मग कळपाकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. हळूहळू त्यांचा हात तोंडावर गेला.

"आगं बया," त्या म्हणाल्या. "तुझी हळद."

ती हळद कसली, ते सांगायला हवं.

पशुवैद्यकाच्या कॉलेजात मी तेव्हा संशोधन करत होते. विषय होता मेंढीच्या गर्भाशयाचा. पोटात गर्भ येतो तेव्हा तो निम्मा बापाचा असतो, म्हणजे आईच्या शरीराच्या हिशेबाने निम्मा परकाच. कातडीत काटा घुसला तरी आपलं रक्त धावून जातं, सूज आणतं, त्या काट्याला बाहेर काढतं. मग हा एवढा मोठा परका जीव पोटात येऊन राहतो तेव्हा रक्तातले राखणदार गप्प कसे बसतात? मेंढीमध्ये तर गंमत अशी, की गर्भ अजून गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेलासुद्धा नसतो, दोऱ्यासारखा लांबलचक होऊन नुसता आत पडलेला असतो, तेव्हाच तो एक द्रव सोडतो. त्या द्रवाने गर्भाशय बदलू लागतं. राखणदार पेशी काठ्या खाली ठेवतात. काही तर कामच बदलतात, आणि ज्या हाकलायला होत्या त्याच नव्या रक्तवाहिन्या घडवायला लागतात.

हे सगळं बघायची नेहमीची रीत म्हणजे मेंढी कापायची आणि गर्भाशय काढून तपासायचं. आमचे मार्गदर्शक डॉ. सप्रे सर याच रीतीत मुरलेले होते. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगितलं होतं, "सर, माझ्यासाठी मेंढी कापायची नाही."

"मग आत काय चाललंय ते कसं कळणार? नवकार मंत्र म्हणून?"

"रक्तावरून. त्या द्रवाचा थोडा अंश आईच्या रक्तात उतरतो, असं वाचलंय. तिथल्या पांढऱ्या पेशींनाही खबर लागते. ती खबर पकडता आली तर कापायची गरज नाही."

सर मनाने वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "एक हंगाम देतो. जमलं तर जमलं. नाही तर पुढच्या हंगामात मेंढ्या विकत घ्यायच्या आणि माझ्या पद्धतीने करायचं. तेव्हा मला व्रत ऐकवायचं नाही."

त्या एका हंगामासाठी मी जत तालुक्यातल्या या माळावर येऊन पोचले. बेत साधा होता. कळपात मेंढा सोडायचा आणि त्याच्या छातीला रंग लावायचा. तो जिच्यावर चढेल तिच्या पाठीवर रंग उमटेल. दिवाळीनंतर येऊन रंगलेल्या मेंढ्या एकीकडे आणि कोऱ्या एकीकडे करायच्या, दोन्हींचं रक्त घ्यायचं आणि फरक पाहायचा.

रंग कोणता, यावर वस्तीवर मोठी चर्चा झाली. लाल गेरू चालणार नव्हता, कारण ज्याच्या त्याच्या मेंढरावर मालकीची खूण गेरूची. निळीने लोकर बाद होते. शेवटी कोंडामामीच म्हणाल्या, "हळद घ्या की तेलात कालवून. जनावराला बाधत न्हाई, लोकरीला बाधत न्हाई." मलाही ते फार आवडलं. धुळाप्पामामांना बजावून सांगितलं, "रोज न चुकता मेंढ्याच्या छातीला लावायचं," आणि दिवाळीत महावीरांच्या निर्वाणाच्या पहाटेला मंदिरात हजर राहता यावं म्हणून मी घरी गेले.

आणि आता कळपातली प्रत्येक मेंढी पिवळी होती. धुतल्यामुळे जुने डाग गेले होते, भंडाऱ्यामुळे नवे दिसत नव्हते.

"मीच सांगितली हळद, आन मीच घालवली," मामी म्हणाल्या. "आता गं?"

त्यांचा चेहरा इतका पडला की मला हसूच आलं. मग त्यांनाही आलं. आम्ही दोघी त्या टेकाडावर पोट धरून हसलो आणि पिवळा कळप आमच्याभोवती चरत राहिला.

पण वस्तीवर आलो तेव्हा धुळाप्पामामा हसले नाहीत. ते कमी बोलणारे. चिलीम बाजूला ठेवून म्हणाले, "म्याडम, आमी पुनवंनंतर किस्नाकाठी निघनार. उसाची रानं मोकळी हुत्यात, तितं बसवायची मेंढरं. त्येच्या आदी व्यापारी येतोय. नर द्यायचं हायेत. आन ही खैरी."

मामींच्या हातातली परात थांबली.

"दोन सालं झाली, भाकड हाय," मामा पुढे म्हणाले. "मेंढा घेती, पन ठरत न्हाई. वय झालंय. तुमी म्हनला हुता, रगतावरनं सांगते कोन गाभन हाय. तर खैरीचं तेवढं सांगा. गाभन असंल तर चालंल संगं. नसंल तर जाईल टेंपोत."

"तिला म्या हातानं दूद पाजून वाडवलीया," मामी माझ्याकडे बघून म्हणाल्या, जणू मामा तिथे नव्हतेच. "तिची आई व्याली न् गेली. माझ्या मागनं फिरायची सारा दिस. म्हनून तर म्होरं चालती, मान्साची भीड न्हाई तिला."

मामांनी विझलेली चिलीम तशीच ओढली.

टेकाडावर एका बाभळीखाली उभं राहिलं की फोनला रेंज यायची. मी सरांना सगळं सांगितलं. पलीकडे ते हसू दाबतायत असं वाटलं.

"परत ये," ते म्हणाले. "कोणती गाभण, कोणती रिकामी हेच माहीत नाही, तर फरक कशाचा दाखवणार? संपला प्रयोग. पुढच्या हंगामात माझी पद्धत."

"सर, मी सगळ्यांचं रक्त घेऊन येते."

"कशाला?"

"न बघता सांगते. कोण गाभण आहे ते."

"आणि चुकलीस तर?"

"व्यायल्यावर कळेलच की कोण चुकलं."

"त्रिशला, कसोटी न लागलेल्या चाचणीवरून त्या माणसाला काही सांगू नकोस. एका जनावराचा जीव त्याच्यावर टांगलाय."

"म्हणूनच घेते, सर."

रक्त घ्यायला दोन दिवस लागले. मेंढीची मानेजवळची लोकर बाजूला करायची, शीर दाबून फुगवायची, सुई अलगद घालायची. कोंडामामी एकेकीला दोन्ही गुडघ्यांत धरायच्या आणि तिच्या कानात काहीतरी पुटपुटायच्या. कानात नंबरचा बिल्ला असायचाच, पण मामींकडे प्रत्येकीचं वेगळंच नाव होतं. ही बोडकी, ही लांबकानी, ही सदा आजारी पडणारी म्हणून नवसाची.

दुपारी भाकरी खाताना त्यांनी विचारलं, "ते पोटात काय सोडतंय म्हनलीस, गर्भ? जरा नीट सांग की. समजंल असं."

मी सांगत गेले. राखणदारांचं, काठ्या खाली ठेवण्याचं. माझ्यासाठी त्यांनी वेगळा तवा ठेवला होता, त्यावर कधी दुसरं काही शिजवलं नव्हतं, आणि लसणाशिवायची चटणी वाटण्यात त्या आता पटाईत झाल्या होत्या. ऐकता ऐकता त्यांनी आपल्या कुत्र्याकडे बोट दाखवलं. काळा, दांडगा, वाघरीच्या बाहेर पडलेला. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं दोरीचं जाळं.

"त्यो बग. वाघरीत कुनी परकं आलं तर फाडून काडतोय. पन आमचा पोरगा परगावास्नं आला, की लांबनंच शीळ घालतोय. शीळ आली की ह्यो शेपूट हालवत म्होरं जातोय. आजून मानूस दिसला बी नसतोय."

मी घास तसाच हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिले.

"तसंच आसंल की ते," मामी म्हणाल्या. "दिसायच्या आदी शीळ घालत आसंल. म्हनत आसंल, मी हाय, घरचाच हाय. आन तू म्हंतीस, ती शीळ मानंच्या रगतात बी आयकू येती."

पुढे कितीतरी वर्षं मी विद्यार्थ्यांना हा विषय शिकवला, पण याहून सोपं मला सांगता आलेलं नाही.

"तुला येती का शीळ?" त्यांनी विचारलं.

आमच्या घरात मुलींनी शीळ घालायची नसते, हे कुणी न सांगताच ठरलेलं होतं. मी नाही म्हणून मान हलवली. मग दिवस मावळेपर्यंत मामींनी मला शिकवलं. जीभ अशी दुमड, ओठ असे घे, पोटातनं फुंक. माझ्या तोंडून नुसता वारा यायचा. कुत्रा डोकं वाकडं करून बघायचा आणि पुन्हा झोपायचा.

"ऱ्हाऊ दे," मामी शेवटी म्हणाल्या. "दिस बुडाला. आता तुझ्या तोंडाला कुलूप. पानी तरी घेतलंस का?"

कुलपाची गंमत त्यांनी आधीच ओळखली होती. संध्याकाळनंतर मी जेवत नसे. आणि सकाळी पूजा होईपर्यंत बोलत नसे. वस्तीवर मुक्काम असला की मामी मुद्दाम पहाटेच येऊन प्रश्न विचारायच्या, चहा गोड झाला का, रात्री डास चावले का, लग्न कधी करणार, आणि माझ्या खुणा बघून खो खो हसायच्या.

कॉलेजात परत येऊन मी पांढऱ्या पेशी वेगळ्या काढल्या, यंत्रात घातल्या. ज्या रक्तात ती खबर पोचलेली असेल त्याची रेघ पडद्यावर वर चढायची. नसेल तर आडवी पडून राहायची. सप्रे सर मागे उभे होते. पहिली रेघ चढली तेव्हा त्यांनी खुर्ची ओढून घेतली. मग दुसरी चढली, मग एक आडवी, मग तिसरी. सगळ्या कळपाच्या रेघा एकामागून एक येत गेल्या आणि त्या दोन गटांत इतक्या स्वच्छ विभागल्या गेल्या की सर पुटपुटले, "अरेच्चा."

खैरीची रेघ आडवी होती.

मी पुन्हा करून पाहिलं. आडवी.

दुसऱ्या दिवशी एसटीत बसले तेव्हा माझ्याकडे दोन नियम होते, आणि ते एकमेकांसमोर उभे होते. जीव दुखवायचा नाही हा एक. खोटं बोलायचं नाही हा दुसरा. आजवर दोन्ही एकाच ताटात सुखाने जेवत आले होते. आता मी एक शब्द बोलले की खैरी वाचत होती. "गाभण आहे" एवढं म्हणायचं. कोण तपासणार होतं? निदान कृष्णाकाठापर्यंत ती चालली असती. पुढचं पुढे.

वस्तीवर टेंपो आधीच उभा होता. तीन नर चढवलेले होते, फळीवरून त्यांची तोंडं दिसत होती. त्यांच्यासाठी माझ्याकडे कुठली चाचणी नव्हती. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग पाहायचं टाळलं नाही, एवढंच मला करता आलं.

"आलीस," मामी म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "आज काय सोडलंय?"

"मामी, आज नियम घ्यायलाच विसरले."

त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. पदराचं टोक तोंडात धरलं.

धुळाप्पामामा खैरीच्या गळ्यातली घंटा सोडत होते. मागे न बघता त्यांनी विचारलं, "काय म्हनतंय रगात?"

माझ्या जिभेवर तो शब्द आला होता. खोटं सांगत नाही, अगदी दातांपर्यंत आला होता. पण निघालं ते हेच: "शीळ ऐकू आली नाही, मामा."

व्यापाऱ्याने फळी खाली घेतली. मामांनी घंटा मामींच्या हातात दिली आणि खैरीला मानेला धरून ओढलं. ती निघेना. मामी तिच्याजवळ बसल्या, तिचं तोंड छातीशी घेतलं. मला काही सुचत नव्हतं, म्हणून मी खैरीच्या पाठीवरून हात फिरवला. भंडारा वाऱ्याने बराचसा उडून गेला होता. कळप पुन्हा काळा-करडा दिसू लागला होता. शेपटाजवळ मात्र माझी बोटं थांबली.

बोटांना तेल लागलं होतं.

मी बोटं उन्हात धरली. पिवळी आणि तेलकट.

"मामी, भंडारा कोरडा असतो ना?"

"मग? कोरडाच की. तेल कोन घालतंय देवाच्या भंडाऱ्यात?"

"आणि पाडव्याला सगळ्या धुतल्या होत्या. साबणाने."

"धुतल्या की. खैरीला तर दोनदा."

"मग हे तेल कुठलं?"

धुळाप्पामामांनी खाकरून घसा साफ केला. "तुमीच सांगितलं हुतं," ते जरा ओशाळून म्हणाले, "मेंढ्याच्या छातीला रोज लावा म्हनून. तुमी बास म्हनला न्हाई. म्हनून म्या लावतूय अजून."

"रोज?"

"रोज. सक्काळी."

हळद वाया गेली, प्रयोग संपला, असं सगळ्यांनी धरलं होतं. या माणसाला कुणी थांबवलं नव्हतं, म्हणून तो थांबला नव्हता.

मी ती बोटं मामांपुढे धरली. "मामा, डाग ताजा आहे. मेंढा हिच्यावर पाडव्यानंतर चढलाय, कदाचित मी रक्त नेल्यावरसुद्धा. गर्भ राहिला असेल तर तो अजून इवलासा असणार. एवढ्या लवकर त्याला शीळ घालता येत नाही."

"म्हंजी हाय?"

"ते मी सांगू शकत नाही. आहे असं नाही म्हणत. नाही असंही आता म्हणता येत नाही. मला आणखी थोडे दिवस द्या."

व्यापाऱ्याने घड्याळ बघितलं. मामांनी खैरीकडे बघितलं, मग पायातल्या वहाणांकडे. मामी उठल्या. त्यांनी घंटा परत खैरीच्या गळ्यात बांधली आणि गाठ मारून वर आणखी एक गाठ मारली.

"जावा तुमी," मामा व्यापाऱ्याला म्हणाले. "ही चालंल संगं. म्होरल्या बाजारापातूर बघू."

दोन-अडीच आठवड्यांनी मी बर्फाची पेटी घेऊन कृष्णाकाठी गेले. उसाचा पाला जळल्याचा वास सगळीकडे भरलेला होता. रिकाम्या रानात कळप बसला होता. मामींनी लांबूनच विचारलं, आज काय सोडलंय, आणि मी म्हटलं, "मीठ," तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तर नक्की हुनार."

खैरीचं रक्त मी दोन्ही हातांनी छातीशी धरून आणलं. यंत्र चालू केलं तेव्हा सर घरी जायला निघाले होते, दाराशी थांबले. रेघ बराच वेळ आडवी होती. मग तिने मान उचलली. मग ती चढतच गेली, कळपातल्या कुठल्याही रेघेपेक्षा उंच.

"त्या हळदीने तुझ्यावर उपकार केलेत, कळतंय का तुला?" सर माझ्या शेजारी येऊन बसले. "कुणालाच माहीत नव्हतं कोण गाभण आहे. तुला नाही, मला नाही, त्या मेंढपाळाला नाही. म्हणजे तुझ्या आशेला निकालात खोट घालायला जागाच उरली नव्हती. मी स्वतः रचला असता तरी प्रयोग इतका चोख रचला नसता." मग ते म्हणाले, "पण दोन वर्षं हिचं ठरलेलं नाही. ठरलं तरी टिकेलच असं नाही. व्यायल्याशिवाय मी काही लिहू देणार नाही. आणि तोवर कापायचंही नाव काढत नाही. झालं?"

मी फोन लावला. "मामी, वाजली."

पलीकडे नुसता हुंदका आला, आणि मग हसणं. "व्याली की सांगीन," त्या म्हणाल्या. "बोलून न्हाई सांगायची. शीळ घालून सांगीन. तू वळख."

तो हिवाळा मी रोज एक जास्तीची माळ जपली. फाल्गुनात एकेक बातमी येऊ लागली. बोडकी व्याली. लांबकानी व्याली. नवसाची व्याली, जुळं. पहिल्या खेपेला ज्यांच्या रेघा चढल्या होत्या त्यांतली एक सोडून सगळ्या व्याल्या. ती एक का राहिली ते मला आजही माहीत नाही. तेव्हाच्या आडव्या रेघांपैकी मात्र एकीलाही तोवर कोकरू झालं नव्हतं. खैरीचीही बातमी येईना. पाडवा झाला. गुढ्या उतरल्या. मी फोन करायचं टाळत होते आणि मामीही करत नव्हत्या.

महावीर जयंतीला मी गावी होते. सकाळची वेळ, दारात रांगोळी झालेली, मिरवणुकीचा बँड लांबून ऐकू येत होता. मी देवघरात चंदन उगाळत बसले होते. पूजा व्हायची होती, म्हणजे मौन सुटायचं होतं. तेवढ्यात कोनाड्यात ठेवलेला फोन वाजला. नंबर धुळाप्पामामांचा.

मी तो उचलून कानाला लावला आणि गप्प राहिले.

"बाय?" कोंडामामी. "आगं बाय? बोलत न्हाईस म्हंजी पूजा ऱ्हायलीया वाटतं. ऱ्हाऊ दे, नको बोलू. आयक."

आधी घंटा वाजली, खैरीच्या गळ्यातली, अगदी फोनजवळ. मग एक बारीक, ओलसर, पुरतं न जमलेलं बें ऐकू आलं. मागून धुळाप्पामामांचा आवाज आला, "पोरीला सांग, कपाळावर पांढरा टिक्का हाय," आणि त्यावर मामी ओरडल्या, "आता सांगू कशी, शीळ घालायची हाय मला, थांबा की जरा!"

आणि मग ती शीळ. टेकाडावरून कळप परत बोलवायची, लांबच लांब, शेवटी वर उचललेली.

माझ्या हातातलं चंदनाचं खोड सहाणेवरच राहिलं. डोळे भरून आले होते आणि काहीतरी बोलायचं होतं, फार बोलायचं होतं. पण ओठांवर नियम होता.

"आयकलंस का गं?" मामी विचारत होत्या. "हायेस न्हवं?"

मी जीभ दुमडली. ओठ तसे घेतले. पोटातून फुंकलं.

स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. "त्रिशला!" आई ओरडली. "सणाच्या दिवशी देवघरात शीळ कोण घालतंय गं?"

तिला उत्तर देता येत नव्हतं. पूजा व्हायची होती, आणि मौन शब्दांचं होतं. शिळेबद्दल नियमात काही सांगितलेलं नव्हतं. फोनच्या पलीकडे कुत्रा आनंदाने भुंकत होता.

मी दुसरी घातली.